दगडोबामामांची सरळ रेघ

माझा स्वभाव तापट आहे. हे मीच आधी सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणाला धक्का बसायला नको. माझा नवरा सोमेश म्हणतो, "श्रीदेवी, शेडाशेडात तापमानाच्या डब्या लावल्यास, तशी एक स्वतःच्या कपाळालाही लाव."

नळदुर्गच्या बाहेर आमचं चॉकी सेंटर आहे. चॉकी म्हणजे काय, हे मला प्रत्येक लग्नात दोनदा तरी सांगावं लागतं. सोपं करून सांगायचं तर ती रेशमाच्या अळ्यांची अंगणवाडी. अंड्यातून निघालेली अळी मुंगीपेक्षा लहान असते. तिला कोवळ्या तुतीचा पाला बारीक चिरून भरवायचा, हवेत ओलावा ठेवायचा, ऊन लागू द्यायचं नाही, थंडी लागू द्यायची नाही. आठ-दहा दिवसांत ती दोनदा कात टाकते. मग ट्रे पिकअपमध्ये रचून सोमेश शेतकऱ्यांच्या शेडात पोचवतो. पुढचे वीसेक दिवस शेतकऱ्याचे. अळ्या खाऊन खाऊन बोटाएवढ्या होतात, कोष विणतात, आणि कोष बाजारात जातात.

दोन वर्षं हे बरं चाललं. मग लागोपाठ दोन उन्हाळे सगळं बिनसलं. माझ्याकडून ठणठणीत गेलेल्या अळ्या शेतकऱ्यांच्या शेडात माना टाकायला लागल्या. फोन यायचे, "ताई, तुमच्या अळ्याच कच्च्या निघाल्या." मी म्हणायची, "आधी तुमचं शेड बघा." नवी सून आजारी पडली की सासरचे म्हणतात माहेरूनच आजारी आली होती, आणि माहेरचे म्हणतात सासरी हाल झाले. तसं आमचं चाललं होतं. वाद मिटला नाही, गिऱ्हाइकं मात्र गेली. बेचाळीस शेतकरी होते, त्यांचे एकोणीस राहिले. आणखी एक खेप अशी गेली असती तर सेंटरला कुलूप लावून मला भावाकडं शिवणकाम शिकवायला जावं लागलं असतं, आणि माझ्या स्वभावाला तो उद्योग मानवला नसता.

उरलेल्या एकोणिसांत दगडोबामामा होते. बारा किलोमीटरवरच्या गावात ते आणि कडूबाईमामी दोघंच राहतात. त्या भागात तुती पहिल्यांदा मामांनी लावली. लोक हसले, मग दुसऱ्या वर्षी त्याच लोकांनी मामांकडून काड्या नेल्या. त्यामुळं सगळ्यांचं लक्ष मामांकडं. त्यांनी तुती उपटली की बाकीचेही उपटणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि मामांचं कोषांचं पीक मागच्या दोन खेपांना निम्म्यावर आलं होतं. तरी त्यांनी मला एका शब्दानं बोल लावला नव्हता.

चारुशीला मला तुळजापुरात भेटली. शिक्षकांच्या घरातली मुलगी, पुण्यात कंपनीत सहा वर्षं काढून परत आलेली. दूध संकलन केंद्रांच्या टाक्यांना ती यंत्रं बसवून द्यायची. तिनं मला साबणाच्या वडीएवढी पांढरी डबी दाखवली. आत सिमकार्ड. दर दहा मिनिटांनी ती हवेचं तापमान आणि ओलावा मोजायची आणि मोबाइलवर पाठवायची. "याला इंटरनेट ऑफ थिंग्ज म्हणतात," ती म्हणाली. "वस्तू स्वतःहून आपली खबर देतात." मी म्हटलं, "वस्तू खरं बोलतात ना? मग मला एकोणीस दे."

चारुशीलानं विचारलं, "ताई, यातून तुम्हाला नेमकं काय करायचंय?" मी विषय बदलून डब्यांचा भाव विचारला. कारण मला काय करायचं होतं हे मला चांगलं माहीत होतं. मला पुरावा हवा होता.

चैत्राच्या खेपेआधी मी सगळ्यांना सेंटरवर बोलावलं. चहा दिला, डब्या वाटल्या, आणि भाषण केलं. भाषणाचा शेवट असा झाला, "आता कुणाची चूक आहे ते कळेलच. यंत्र कुणाचं मिंधं नसतं." शेतकऱ्यांतल्या बलभीमनं चहाचा कप हळूच खाली ठेवला. दगडोबामामांनी डबी उपरण्यात गुंडाळली आणि विचारलं, "सूनबाई, हिला खायला-प्यायला काय लागतंय का?" सगळे हसले. मी पण हसले, पण जरा कमी.

पहिला आठवडा मी मोबाइल हातातून सोडला नाही. कुणाच्या शेडात दुपारी सदतीस दिसलं की मी फोन लावायची आणि झाडून काढायची. गोणपाट ओलं केलंत का? खिडक्या उघड्या का? अळ्या आहेत का भजी? आठवड्यात चौदा जणांना झापलं. आणि चमत्कार बघा, ज्याला झापलं त्याचं तापमान दुसऱ्याच दिवशी सुधारायचं. मला वाटायला लागलं की माझ्या जिभेला गुण आहे. सोमेशला मी तसं बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, "मग माझ्यात सुधारणा कामून झाली न्हाय?"

पण मामांना फोन करायची वेळच आली नाही. त्यांची रेघ पहिल्या दिवसापासून अठ्ठावीसवर. सकाळी अठ्ठावीस, भर दुपारी अठ्ठावीस, ओलावा पंचाहत्तर. मोबाइलवर सरळ, देखणी, पट्टीनं आखल्यासारखी रेघ. मी तिचा फोटो काढून आमच्या शेतकऱ्यांच्या मोबाइल ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "शेड ठेवावं तर दगडोबामामांसारखं." एकोणीस जणांनी अंगठे दाखवले. त्यात मामींचाही होता.

दुसऱ्या दिवशी चारुशीलाचा फोन आला. "ताई, ती रेघ मला पटत नाही. मामांचं शेड पत्र्याचं आहे ना? माझ्या घरात, पंख्याखाली, दुपारी सदतीस आहे. पत्र्याखाली अठ्ठावीस कसं असेल?"

मला राग आला. चांगलं काही दिसलं की त्यात खोट काढायची शिकल्या-सवरल्या माणसांची खोड असते, असं मी तिला ऐकवलं. ती शांतपणे म्हणाली, "शेडातली रेघ दुपारी चढते, पहाटे उतरते. ही जागची हलत नाही. एकदा जाऊन बघा, एवढंच म्हणते."

मी जाणार नव्हते. पण तासाभरानं कडूबाईमामींचा फोन आला. लोणच्याच्या कैऱ्या हव्यात का, हे विचारायला. बोलता बोलता म्हणाल्या, "अळ्या लई गप हाईत गं. पाला टाकला तसाच पडून ऱ्हातोय. झोपल्या आसतील म्हणत्यात हे."

कात टाकायच्या वेळी अळ्या खाणं सोडून निपचित राहतात, त्याला आम्ही झोप म्हणतो. पण मामांच्या अळ्यांची शेवटची झोप तीन दिवसांपूर्वीच झाली होती. आता त्यांनी रेड्यासारखं खायला हवं होतं. मी स्कूटी काढली. दुपारचा दीड वाजला होता, आणि डांबर चाकाला चिकटत होतं.

शेडाचं दार उघडलं तशी आतली हवा तोंडावर आली. खिशातला साधा थर्मामीटर मी रॅकवर ठेवला. एकोणचाळीस. पाला वाळून कुरकुरीत झालेला. अळ्या फांद्यांवर लांबट होऊन पडलेल्या, काही खाली घसरलेल्या. मी एकीला बोटानं हलवलं, तिनं डोकं जरासं उचललं आणि परत टाकलं. दहा दिवस मी त्यांना चमच्यानं भरवावं तसं वाढवलं होतं.

"डबी कुठाय?" मी ओरडले.

मामा घराकडं निघाले, मी मागोमाग. त्यांचं घर मातीच्या जाड भिंतींचं माळवद आहे, आत पाऊल टाकलं की अंगाला गारवा लागतो. आतल्या खोलीत रांजण होता. रांजणाशेजारी फळीवर, घडी घातलेल्या स्वच्छ टॉवेलवर, माझी डबी बसलेली. शेजारी पाण्यानं भरलेली वाटीसुद्धा होती.

"मामा! ही इथं?"

"शेडात लई तापत व्हतं गं," मामा म्हणाले. "म्हटलं, पराया माणसाची महागाची चीज. उन्हानं खराब झाली तर?"

"अहो, ऊन मोजायलाच तर दिली होती ती! आणि अळ्या? त्या पराया माणसाच्या नाहीत का? त्या माझ्या आहेत, माझ्या!"

मी पुष्कळ बोलले. ते सगळं इथं लिहीत नाही, कारण ते मामींनी ऐकलं याचीच मला अजून लाज वाटते. मामा खाली मान घालून ऐकत राहिले. शेवटी मामी म्हणाल्या, "झालं का तुझं बोलून? झालं आसंल तर गोणपाट भिजवाया घे."

मग आम्ही कामाला लागलो. सोमेशला फोन केला, तो उसाचं पाचट घेऊन आला. पत्र्यावर पाचटाचा जाड थर टाकला, त्यावर पाइपनं पाणी मारलं. चारही बाजूंनी ओली गोणपाटं सोडली. वाळला पाला काढून टाकला. मामींनी विहिरीकडची सावलीतली तुती कापून आणली, ओल्या फडक्यात गुंडाळून. मेलेल्या अळ्या मामा एकेक करून घमेल्यात टाकत होते. मी मोजल्या नाहीत. संध्याकाळी पाचच्या सुमाराला शेडात तीस झालं. आणि मग तो आवाज आला. हजारो अळ्या पाला खायला लागल्या की पत्र्यावर भुरभुर पाऊस पडावा तसा आवाज येतो. आधी एका कोपऱ्यातून आला, मग हळूहळू सगळ्या रॅकवरून. मामी खाली बसल्या आणि म्हणाल्या, "खायलीत गं लेकरं."

घरी जाऊन मी एकेका शेतकऱ्याला फोन लावला. या वेळी झापायला नाही. नुसतं विचारलं, "डबी कुठं ठेवलीय? खरं सांगा, मी काही बोलणार नाही." हे वाक्य पटायला लोकांना वेळ लागला. मग एकेक कबूल व्हायला लागले. एकाची डबी देवघरात होती, हळदीकुंकू लावून. एकाची ज्वारीच्या कोठीमागं. शिवपुत्रनं विहिरीच्या कठड्यात कोनाडा करून बसवली होती. बलभीमनं फ्रिजमध्ये ठेवली होती. त्याचं तापमान सात यायचं, आणि डबी बिघडली म्हणून मी चारुशीलाला दोनदा बोलले होते. "फ्रिजमध्ये कशाला ठेवलीस रे?" मी विचारलं. तो म्हणाला, "ताई, तुमी पुन्यांदा ओरडू नये म्हणून."

एकोणीसपैकी पंधरा डब्या शेडात नव्हत्या. उरलेल्या चार शेडात होत्या, कारण त्या घरांपर्यंत माझी जीभ अजून पोचायची होती. इतके दिवस मी या लोकांच्या देवघरांचं आणि फ्रिजचं तापमान मोजत होते, आणि स्वतःची पाठ थोपटून घेत होते.

चारुशीला दुसऱ्या दिवशी आली. मी तिची माफी मागितली. तिनं ती घेतली आणि लगेच कामाचं विचारलं, हे मला आवडलं. "ताई, शेड तापलं की डबी हाक कुणाला मारते?"

"मला."

"आणि तुम्ही बारा किलोमीटरवरून काय करता?"

"ओरडते," मी म्हटलं. दुसरं खरं उत्तर नव्हतं.

मग आम्ही सगळं उलटं केलं. शेड बत्तीसच्या वर गेलं की फोन थेट त्या शेतकऱ्याला जाणार. नुसता आकडा सांगायचा नाही, काय करायचं तेही सांगायचं. तासाभरात फरक पडला नाही तरच मला निरोप येणार, आणि तेव्हा मी ओरडायचं नाही, माणूस पाठवायचा. कुणाची रेघ ग्रुपवर टाकायची नाही. चांगली असली तरी नाही. आणि अळ्यांच्या आधी तीन दिवस रिकाम्या शेडात डबी जाणार. शेड थंड राहत नसेल तर आधी पाचट आणि गोणपाटाची सोय, मग अळ्या. आधी बाकी सगळ्या सेंटरवाल्यांसारखी मी नुसत्या अळ्या द्यायची. आता अळ्यांसोबत वीस दिवसांची सोबत द्यायची, असं ठरलं.

फोनवर आवाज कुणाचा ठेवायचा, हा प्रश्न होता. माझा आवाज नको, यावर सोमेश आणि चारुशीला यांचं चटकन एकमत झालं. मी कडूबाईमामींना विचारलं. त्या लाजल्या, मग पदर सावरून खुर्चीत बसल्या. त्यांना सांगितलेलं वाक्य होतं, "शेड तापलंय, गोणपाट भिजवा." मामी दर वेळी सुरुवात करायच्या, "व्हय रं बाबा, जेवलास का?" चारुशीलानं सहा वेळा रेकॉर्डिंग थांबवलं. सातव्यांदा तिनं हात टेकले आणि ते तसंच ठेवलं. आता आमच्या शेतकऱ्यांना भर दुपारी फोन येतो, "व्हय रं बाबा, जेवलास का? शेडात लेकरं तापल्याती. ऊठ, गोणपाट भिजीव आन पाला ताजा टाक." कितीतरी जण पलीकडून उत्तर देतात, जेवलो म्हणून. बलभीमनं तर एकदा काय भाजी होती तेही सांगितलं. पण गोणपाट भिजतं. उठतात लोक.

मामांच्या अळ्यांनी त्या दुपारपासून बाराव्या दिवशी कोष विणून पुरे केले. कोष काढायला मी आणि सोमेश गेलो. बांबूच्या गोल विणलेल्या ताटांवरून, म्हणजे चंद्रिकांवरून, पांढरे कोष एकेक करून उचलायचे, आणि आम्ही चौघं मांडी घालून तेच करत होतो. सत्तर किलो व्हायला हवे होते, त्रेचाळीस झाले. मामा खूश होते. शंभर काड्यांचं नवं बेणं तुतीच्या बांधावर लावणार म्हणाले. म्हणजे तुती राहणार होती. माझ्या मनावरचा केवढातरी भार उतरला, आणि त्याच क्षणी मला आतून बोचायला लागलं. या माणसाला मी फसवल्यासारखं वाटत होतं.

"मामा," मी म्हटलं, "एक सांगायचंय. ती डबी मी तुमच्या मदतीसाठी आणली नव्हती. तुमची चूक पकडायला आणली होती."

"ठावं हाय," मामा कोष उचलत म्हणाले. "सगळ्यांम्होरं बोलली की तू. म्हणून तर आत ठिवली."

"तुमची चूक निघू नये म्हणून?"

"माझी निघाली तर काय व्हतंय? म्या म्हातारा माणूस. गाव दोन दिवस हसंल आन सोडून दील." त्यांनी सोमेशकडं एकदा बघितलं. "तुझी निघाली आसती तर?"

मला कळलं नाही. सांगू की नको असं मामांच्या तोंडावर दिसत होतं. मग म्हणाले, "गेल्या दोन्ही उन्हाळ्यांत ह्यो अळ्या घिऊन निघाला की हायवेच्या ढाब्यावर चहाला थांबायचा. गाडी उन्हात. म्या बाजाराला जाताना बघितलं व्हतं."

सोमेशचा हात चंद्रिकेवर तसाच राहिला. "दहा मिनिटं थांबायचो," तो पुटपुटला.

"पाऊण तास," मामी म्हणाल्या.

दोन वर्षं मी बेचाळीस घरांशी भांडले होते. तेवीस घरं तोडली होती. आणि अळ्या आमच्याच पिकअपमध्ये निम्म्या भाजून निघत होत्या. उरलेल्या शेडात. मामांना हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

"मामा, मग सांगितलं का नाही? तुमच्या दोन खेपा गेल्या! ही तिसरी जात होती!"

"सांगितलं आसतं तर समद्यांनी तुझ्याकडं येणं बंद केलं आसतं," मामा म्हणाले. "पोरी, चूक निघाली की कुणाचंतरी एकाचं घर बसतंय. न्हाय निघाली तर दोघं बी कसंतरी धकवत्यात. म्हटलं यंत्राला काय कळू द्यायचंच न्हाय."

मला सोमेशवर भडकायला हवं होतं. तोही त्याच तयारीनं बसला होता, खांदे आखडून. पण मला रागच आला नाही. मी एवढंच म्हटलं, "उद्या पिकअपला पण एक डबी लाव. आणि निघायचं पहाटे." तो म्हणाला, "लावतो." मग ग्रुपवर मी सगळ्यांना लिहून टाकलं की आधीच्या खेपांत चूक आमची होती, आणि गेलेल्या तेवीस जणांना उद्यापासून एकेक करून भेटायला येते. लिहिताना अक्षरं दिसेनाशी झाली.

मी परत कोष उचलायला बसले. हुंदका आवरेना. मामींनी माझ्या हातातली चंद्रिका काढून घेतली.

"रडायचं आसंल तर भाइर जाऊन रड," त्या म्हणाल्या. "हितं कोष भिजत्यात."

मी बाहेर गेले, तुतीच्या बांधावर बसले, आणि रडून घेतलं. थोड्या वेळानं मामा आले आणि शेजारी बसून नव्या काड्यांसाठी जागा बघायला लागले.